नाव मोठी, लक्षण खोटं? आरमारी युद्ध नेमकं कशाने बदललं?

काठावरचा (रवि, २१:१४)

मागच्या महिन्यात सहकुटुंब दीवला जाऊन आलो. तिथे समुद्राकाठच्या टेकाडावर काचेच्या घरात 'खुकरी'ची प्रतिकृती ठेवली आहे. समोर फक्त पाणी. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या नौदलाची ही फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) दीवपासून साधारण ४० सागरी मैलांवर 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने (टॉर्पेडोने) बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडायला तयार झाले नाहीत. हे सगळं शाळेत असल्यापासून माहीत होतं, पण तिथे उभं राहिल्यावर वेगळंच वाटतं.

धाकट्याने (इयत्ता चौथी) विचारलं, "बाबा, त्यांच्याकडे तोफा होत्या ना? मग त्यांनी पाणबुडीला का नाही मारलं?" मी म्हटलं, दिसली नाही म्हणून. त्यावर, "मग जहाजावर सगळे काय करत होते?" इथे माझी दांडी गुल.

परत आल्यापासून वाचतोय. माझं मत मांडतो, ठोकून काढा. आरमारी लढाईचे दोन काळ पडतात, २१ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा आणि नंतरचा. त्या दिवशी पोर्ट सईदच्या बंदरातून इजिप्तच्या छोट्या 'कोमार' बोटींनी रशियन 'स्टिक्स' क्षेपणास्त्रं सोडली आणि इस्रायलची 'एलात' ही विनाशिका बुडवली. सत्तरेक टनांच्या बोटीने सतराशे टनांचं जहाज घेतलं. ४७ जण मेले. चारच वर्षांनी ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' यांनी कराचीसमोर तेच केलं. जेमतेम दोनशे टनांच्या बोटी, प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रं. 'खैबर' आणि 'मुहाफिझ' बुडाल्या. तोफ संपली ती तिथे.

तुम्हाला काय वाटतं? एकच शोध निवडायचा असेल तर कुठला?

चहाबाज (रवि, २१:३०)

जागा पकडून ठेवतो. कांदाभजी मागवली आहेत.

आगवाला (रवि, २२:०५)

काठावरचा, धागा छान, मत चूक. माझ्या मते कोळसा.

आमचे पणजोबा रत्नागिरीकडचे, बोटीवर आगवाले होते. म्हणजे भट्टीत फावड्याने कोळसा टाकणारे. त्यांचा फोटो नाही, पण घरात एक वाक्य चालत आलंय: "वर साहेब वारा खातो, खाली आम्ही आग." म्हणून हा विषय जरा जवळचा.

शिडाचं जहाज वाऱ्याचं गुलाम होतं, हे सगळे सांगतात. वाफेचं जहाज कशाचं गुलाम झालं हे कुणी सांगत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी 'ह्यू लिंडसे' ही वाफेवरची बोट बांधली. ४११ टन. मार्च १८३० मध्ये ती मुंबईहून सुएझला निघाली आणि पोचायला महिन्याहून थोडा जास्त वेळ लागला. त्यातले कितीतरी दिवस वाटेतल्या बंदरांत कोळसा भरण्यात गेले. आणि तो कोळसा तिथे आधी नेऊन ठेवला होता शिडाच्या जहाजांनी! नव्या सुनेला सासूनेच चूल पेटवून द्यावी तसं.

मग कोळशाची कोठारं आली, कोठारांसाठी बंदरं आली. जानेवारी १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन घेतलं ते याच हिशेबात, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. आरमाराचा नकाशाच बदलला. आधी विचारायचे वारा कुठून आहे, नंतर विचारायला लागले पुढचा कोळसा कुठे आहे. एलातने नकाशा बदलला का? नाही.

टिकोजी (रवि, २२:११)

सासू-सून उपमेबद्दल दंडवत _/\_

अटकेपार (रवि, २२:४८)

दोघेही विसरलात. इंग्रज, अमेरिकन, रशियन यांच्या आधी आमच्या घरचं बघा. ऑक्टोबर १६७९, खांदेरी. महाराजांनी मायनाक भंडारींना बेटावर तटबंदी करायला पाठवलं. मुंबईच्या तोंडावर किल्ला उभा राहतोय म्हणून इंग्रजांचा जळफळाट. त्यांची 'रिव्हेंज' ही मोठी फ्रिगेट कॅप्टन केग्विनच्या हाताखाली, सोबत गुराबा आणि शिबाडं. १८ ऑक्टोबरला मराठी आरमाराच्या दौलतखानाच्या गलबतांनी थळच्या बाजूने हल्ला चढवला आणि 'डव्ह' नावाची इंग्रजांची गुराब धरून नेली. त्यानंतरही रात्री-बेरात्री उथळ पाण्यातून गलबतं बेटावर रसद पोचवत राहिली आणि मोठ्या जहाजांना ती अडवता येईनात.

वल्ह्यांवर चालणारी, उथळ तळाची, स्वस्त आणि पुष्कळ. १९६७ ला नवीन काय घडलं? क्षेपणास्त्र बोट म्हणजे गलबतच की.

खारावारा (रवि, २३:२०)

अटकेपार, अभिमान मलाही आहे, पण अर्धीच गोष्ट सांगू नका. जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर तोफा चढवल्या आणि पुढे कित्येक वर्षं खांदेरी-उंदेरी समोरासमोर भांडत बसल्या. गलबत जिंकलं ते किनाऱ्याजवळ, वारा पडलेला असताना, ओळखीच्या भरती-ओहोटीत. पहाटे मतलई वाऱ्यावर निघायचं, मागून गाठायचं, शीड आणि डोलकाठी तोडायची, मग चढून घ्यायचं. कान्होजी आंग्र्यांनी हे तंत्र पार परिपूर्ण केलं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले, तेव्हाही हात हलवत परतले.

पण १७५६ चा फेब्रुवारी आठवा. विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार दाटीवाटीने नांगरलेलं, इंग्रज नौसेनानी वॉटसनच्या ताफ्याचा एक गोळा धरून आणलेल्या एका जहाजावर पडला, आग लागली आणि दुपारभरात सगळं आरमार जळालं. (पेशवे त्या वेळी कुणाच्या बाजूला होते हा विषय काढू नका, धागा तिसरीकडेच जाईल.) लाकूड, डांबर, दोरखंड, शिडाचं कापड. तरंगतं जळण होतं ते.

म्हणून माझं उत्तर: फुटणारा गोळा. साधा लोखंडी गोळा लाकडी जहाजाला भोक पाडतो. भोक बुजवता येतं. ट्रफाल्गरला १८०५ मध्ये जहाजं तासन् तास एकमेकांना भाजत होती, बुडाली फार थोडी. फ्रेंच सेनानी पेक्सां याने आत जाऊन फुटणारा गोळा आडव्या माऱ्याच्या तोफेतून डागायची सोय केली. ३० नोव्हेंबर १८५३ ला सिनोपच्या बंदरात रशियाच्या नाखिमोव्हने अशा तोफांनी तुर्कांचं आरमार काही तासांत संपवलं. त्यातून निसटली एकटी 'ताइफ', आणि ती वाफेवरची होती. आगवालेसाहेब, अर्धा गुण तुम्हालाही.

आगवाला (रवि, २३:२६)

अर्धा का? निसटलं तेच जिंकलं.

टीसकाठचा_मराठी (सोम, ०२:१०)

इंग्लंडच्या ईशान्येला राहतो, म्हणून या वेळी लिहितोय. माझ्यापासून अर्ध्या तासावर हार्टलपूलला 'ट्रिंकोमाली' उभी आहे. १८१७ साली मुंबईत वाडियांनी सागवानात बांधलेली फ्रिगेट. आजही पाण्यावर तरंगते. दरवर्षी पाहुण्यांना घेऊन जातो. खालच्या मजल्यावर वाकून चालावं लागतं, तोफांच्या रांगा, आणि लाकडावर हात ठेवला की आजोळच्या वाड्याच्या खांबासारखा थंडपणा.

दोनशे वर्षं टिकलेलं जहाज आणि लढाईसाठी निरुपयोगी झालं चाळीस-पन्नास वर्षांत. कारण लोखंडी चिलखत. फ्रान्सची 'ग्लॉआर' १८५९, तिला उत्तर म्हणून इंग्लंडची 'वॉरियर' १८६०, आणि मग अमेरिकन यादवीतली हॅम्प्टन रोड्सची लढाई. ८ मार्च १८६२ ला दक्षिणेच्या चिलखती 'व्हर्जिनिया'ने दोन लाकडी जहाजं खलास केली. एकीला तर सरळ धडक मारून. दुसऱ्या दिवशी उत्तरेची 'मॉनिटर' आली. सपाट फळी आणि तिच्यावर फिरता तोफमनोरा, एवढंच जहाज. दोघी जवळजवळ चार तास एकमेकींवर गोळे मारत होत्या आणि कुणीच कुणाला भेदू शकलं नाही.

मला यात गंमत फिरत्या मनोऱ्याची वाटते. तोवर तोफ रोखायची तर अख्खं जहाज वळवायला लागायचं.

मावशी_०७ (सोम, ०८:३५)

मला युद्धातलं काही कळत नाही, पण वाचायला मजा येतेय. एक बाळबोध शंका. चिलखत आलं, मग मोठ्या तोफा आल्या, मग आणखी जाड चिलखत. हे थांबलं कुठे?

खारावारा (सोम, ०९:१०)

मावशी, शंका बाळबोध अजिबात नाही. थांबलं नाही, भरकटलं. १९०६ मध्ये इंग्लंडने 'ड्रेडनॉट' आणली: दहा १२ इंची तोफा, टर्बाइन, २१ नॉटचा वेग. ती आल्यावर जगातल्या बाकी सगळ्या युद्धनौका, खुद्द इंग्लंडच्या धरून, एका दिवसात जुन्या ठरल्या. शेवटचं टोक म्हणजे जपानची 'यामातो', १८ इंचांहून मोठ्या तोफा. ७ एप्रिल १९४५ ला अमेरिकन विमानांनी बुडवली. समोर शत्रूचं एक जहाज नव्हतं.

टिकोजी (सोम, ०९:१४)

नाव मोठी, लक्षण खोटं!

चहाबाज (सोम, ०९:१५)

धाग्याच्या शीर्षकातच आहे ते. भजी संपली, मिसळ मागवतोय.

निवृत्त_नाना (सोम, ११:०२)

मी नौदलातून निवृत्त. लोणावळ्याला 'आयएनएस शिवाजी'त शिकलो, यंत्रशाखा. नाव-गाव विचारू नये.

काठावरचा यांनी कराचीचं लिहिलं ते बरोबर, पण कागदावरचं. त्या 'ओसा' बोटी किनारा राखायला बनवलेल्या होत्या. पल्ला कमी. मुंबईहून कराचीला जाऊन मारा करून परत येणं हे त्यांच्या बनवणाऱ्यांच्याही डोक्यात नव्हतं. मग काही अंतर मोठ्या नौकांनी दोरखंड लावून ओढायचं, सोबत 'किल्तान' आणि 'कच्छल', तेलासाठी 'पोषक'. रात्रीच जायचं, कारण पाकिस्तानी विमानांना रात्री समुद्रावर असला हल्ला करता येत नव्हता. उजाडायच्या आत त्यांच्या टप्प्याबाहेर पडायचं. क्षेपणास्त्र रशियाचं, पण ही अक्कल आपली.

त्या बोटींचं इंजिन मी नंतर प्रशिक्षणात पाहिलं. ४२ सिलिंडर, ताऱ्यासारख्या पसरलेल्या सात रांगा, प्रत्येकीत सहा. अशी तीन इंजिनं एका चिमुकल्या बोटीत. आमचे उस्ताद म्हणायचे, "याच्याशी लग्न करावं लागतं, नुसती ओळख चालत नाही." दुरुस्तीला हात घालायला जागा नाही, कानात बोळे घातले तरी रात्री झोपेत तोच आवाज.

दुसरी गोष्ट. 'खैबर'वर पहिलं क्षेपणास्त्र आदळलं तेव्हा त्यांना वाटलं विमानहल्ला आहे. तसाच संदेश त्यांनी पाठवला, आकाशात तोफा रोखल्या. कशाने मेलो हे मरणाऱ्याला कळलं नाही. तोफेच्या लढाईत निदान समोरच्याच्या तोफेचा लोळ दिसतो.

काठावरचा (सोम, ११:४०)

नाना, हे फार मोलाचं. मुलाला वाचून दाखवतो.

ध्वनिलहरी (सोम, १३:२५)

मी पाण्यातल्या ध्वनीवर काम करते (नागरी, नौदलाशी संबंध नाही). मुलाच्या मूळ प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही, म्हणून लिहिते.

पाण्यात प्रकाश फार लांब जात नाही, रडारच्या लहरी तर जवळजवळ नाहीतच. उरतो आवाज. तो पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेतल्या चौपटीहून जास्त. सोनार म्हणजे आवाजाची हाळी देऊन प्रतिध्वनी ऐकणं. सोपं वाटतं. पण आवाज सरळ जात नाही. गरम पाण्यात तो जलद, थंड पाण्यात हळू, आणि हळू जायला मिळतं त्या बाजूला तो वाकतो. आपल्याकडे दिवसभर उन्हाने वरचं पाणी तापतं, खाली थंड. मग जहाजाने दिलेली हाळी खाली वळते आणि काही अंतरापलीकडे एक सावलीचा पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यात पाणबुडी असली तर तुमची हाळी तिच्यापर्यंत नीट पोचतच नाही. सकाळी चांगला चालणारा सोनार दुपारी बहिरा होतो, हे अमेरिकन नौदलाच्या लक्षात १९३० च्या दशकातच आलं होतं. आधी त्यांना वाटलं, जेवणानंतर सोनारवाले पेंगतात.

दुसरं, हाळी देणाऱ्याचं नुकसान. तुमचा आवाज पाणबुडीपर्यंत एकदाच जातो, तुम्हाला मात्र तो जाऊन परत यायला हवा. म्हणजे तुम्ही तिला 'पाहण्या'च्या कितीतरी आधी ती तुम्हाला ऐकते. अंधाऱ्या मैदानात बॅटरी घेऊन चोर शोधणाऱ्यासारखं. बॅटरीवाला सगळ्यांना दिसतो.

तेव्हा चौथीतल्या मुलाला सांगा, जहाजावर सगळे कान देऊन ऐकत होते. त्या रात्री पाणी त्यांच्या बाजूचं नव्हतं.

मावशी_०७ (सोम, १३:५०)

बॅटरी आणि चोर. आता कळलं. धन्यवाद ग.

निवृत्त_नाना (सोम, १४:३०)

ताईंनी नेमकं लिहिलं. एक भर. 'हंगोर' फ्रेंच बनावटीची 'दाफ्ने' वर्गाची, त्या काळची ताजी पाणबुडी. 'खुकरी' पन्नासच्या दशकातली इंग्रजी फ्रिगेट. कौशल्य, धैर्य सगळं मान्य, पण दोन पिढ्यांमधली लढाई होती ती. त्या दिवसाबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही.

अटकेपार (सोम, १५:०५)

नाना, नमस्कार.

पण एक मुद्दा. खारावारा आणि काठावरचा दोघेही 'मारायचं साधन' मोजताहेत. ध्वनिलहरी ताईंचं वाचून वाटतं की खरा बदल शोधण्यात झाला. माझं गलबतही शेवटी दिसल्याशिवाय काही करू शकत नव्हतं. मत बदलतोय, नोंद घ्यावी.

टिकोजी (सोम, १५:०९)

आंतरजालावर मत बदललं! स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

बिनतारी (सोम, १९:४४)

मग माझी वेळ आली. बिनतारी संदेश.

मे १९०५, त्सुशिमा. रशियाचं बाल्टिक आरमार अर्धी पृथ्वी घालून जपानकडे निघालं होतं. वाटेत बंदरं मिळेनात, जर्मन बोटींकडून कोळसा घेतला, डेकवर पोती रचली (आगवाले, हे तुमच्या खात्यात). २७ मेच्या पहाटे धुक्यात 'शिनानो मारू' या जपानी टेहळणी बोटीला ते दिसलं. तिने बिनतारीने कळवलं. जपानी नौसेनानी तोगोचं आरमार बंदरातून बाहेर पडलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत रशियाचं आरमार जवळजवळ उरलं नव्हतं. त्याच्या शंभर वर्षं आधी इंग्रज नौसेनानी नेल्सनला शत्रू शोधायला महिनोन् महिने समुद्र धुंडाळावा लागला होता.

आता गंमत. २२ सप्टेंबर १९१४ ही तारीख बघा. त्याच रात्री जर्मन क्रूझर 'एमडेन'ने मद्रासच्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या. मद्रासवाले अजून धाडसी, अवलिया माणसाला 'एमडन' म्हणतात. आणि त्याच दिवशी सकाळी उत्तर समुद्रात 'यू-९' या एकट्या जर्मन पाणबुडीने 'अबुकीर', 'होग' आणि 'क्रेसी' या तीन ब्रिटिश क्रूझर दीडेक तासात बुडवल्या. १४०० हून जास्त माणसं गेली. पहिली बुडाली तेव्हा बाकीच्यांना वाटलं पाणसुरुंग असेल, म्हणून माणसं वाचवायला थांबल्या. जुना काळ आणि नवा काळ एकाच तारखेला.

एमडेनचं पुढे काय झालं? ९ नोव्हेंबरला ती कोकोस बेटांवरचं तार-केंद्र उद्ध्वस्त करायला गेली. तिथल्या लोकांनी तोडफोड व्हायच्या आधी बिनतारीने हाक दिली. ऑस्ट्रेलियाची 'सिडनी' जवळच एका ताफ्यासोबत होती, ती धावून आली आणि एमडेन संपली. तोफेने मारलं, पण पकडलं बिनतारीने.

अवांतर: १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत नाविकांचं बंड सुरू झालं ते कुलाब्याच्या 'तलवार'वर, आणि 'तलवार' होती संदेशवहनाची शाळा. बातमी काही तासांत इतर जहाजांपर्यंत आणि पार कराचीपर्यंत पोचली त्यात नवल काय?

खारावारा (सोम, २०:१५)

अवांतर आवडलं. याच्यावर स्वतंत्र धागा काढा.

त्याच माळेतला पुढचा मणी: मे १९४२, कोरल समुद्र. दोन्हीकडची जहाजं एकमेकांना एकदाही दिसली नाहीत, लढली ती विमानं. महिन्याभरात मिडवेला जपानच्या चार विमानवाहू नौका गेल्या. त्याआधी १० डिसेंबर १९४१ ला मलायाजवळ 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' विमानांनी बुडवल्या होत्या. ज्यांना हे दिसूनही कळलं नाही, त्यांनी मोठ्या तोफांवर आणखी पैसे घातले.

टीसकाठचा_मराठी (मंगळ, ०१:३०)

सगळ्यांना उलटा एक दाखला. नवं आलं की जुनं मेलंच असं नाही. २ मे १९८२, फॉकलंड. ब्रिटनच्या 'काँकरर' या अणुपाणबुडीने अर्जेंटिनाची 'बेलग्रानो' बुडवली. कशाने? दुसऱ्या महायुद्धातल्या बनावटीच्या पाणतीरांनी. पाणबुडीवर नवे पाणतीर होते, पण कप्तानाचा विश्वास जुन्यावर. आणि 'बेलग्रानो' म्हणजे जुनी अमेरिकन 'फिनिक्स', पर्ल हार्बरच्या हल्ल्यातून सहीसलामत सुटलेली. ३२३ जण गेले. दोनच दिवसांनी अर्जेंटिनाच्या विमानातून सुटलेल्या 'एक्झोसे' क्षेपणास्त्राने ब्रिटनची 'शेफिल्ड' पेटली.

त्या मोहिमेतलं ब्रिटिशांचं ध्वजजहाज 'हर्मिस'. तेच पुढे १९८७ मध्ये आपलं 'विराट' झालं.

निवृत्त_नाना (मंगळ, ०७:१५)

विराटच्या बॉयलर खोलीत उन्हाळ्यात उभं राहून दाखवा, मग तंत्रज्ञानावर बोलू. :) २०२० ला अलंगला तोडायला गेली तेव्हा आमच्या गटात दोन दिवस कुणी काही लिहिलं नाही.

बोंबील_फ्राय (मंगळ, ०९:००)

काठावरचा, तुमच्या १९६७ च्या दाव्याला मीच खरा सुरुंग लावतो. ७ ऑक्टोबर १९७३, लताकिया. एलातचा धडा शिकून इस्रायलने स्वतःच्या क्षेपणास्त्र बोटी उतरवल्या, सोबत शत्रूच्या रडारला चकवणारी यंत्रणा. सीरियाने तीच स्टिक्स डागली, ज्यांनी एलात बुडाली होती. इस्रायली बोटींनी खोट्या लहरी सोडल्या, हवेत धातूच्या पट्ट्या उधळल्या. त्या युद्धात डागलेल्या पन्नासेक स्टिक्सपैकी एकही लागलं नाही. तुमचं युगप्रवर्तक क्षेपणास्त्र सहा वर्षांत आंधळं झालं.

चहाबाज (मंगळ, ०९:०४)

फ्राय करून ठेवला की धागाकर्त्याला.

काठावरचा (मंगळ, १०:२०)

झालो फ्राय, कबूल. लताकियाचं वाचलं नव्हतं. पण एप्रिल २०२२ मध्ये 'मॉस्क्वा' बुडालीच ना? युक्रेनकडे नावापुरतं आरमार, किनाऱ्यावरून दोन 'नेपच्यून' क्षेपणास्त्रं, आणि काळ्या समुद्रातलं रशियाचं ध्वजजहाज तळाशी. त्यानंतर तर स्फोटकं भरलेल्या बिनमाणसांच्या बोटी. म्हणजे क्षेपणास्त्र आंधळं झालेलं नाही.

बोंबील_फ्राय (मंगळ, १०:४१)

मॉस्क्वावर क्षेपणास्त्र पाडायची साधनं भरपूर होती. ती वेळेत का चालली नाहीत, हा प्रश्न. एलातला साधनच नव्हतं, मॉस्क्वाला होतं आणि तरी ती गेली. दोन्ही एका तागडीत नका टाकू.

आणि तांबड्या समुद्रात २०२३-२४ मध्ये काय चाललं होतं ते बघा. येमेनच्या हुती बंडखोरांचे स्वस्त ड्रोन पाडायला महागडी क्षेपणास्त्रं खर्ची पडत होती. ड्रोन पडतो, पण खिसा समोरच्याचा फाटतो. मुंगळा मारायला तोफ.

आगवाला (मंगळ, ११:०५)

म्हणजे पुन्हा कोठाराचाच प्रश्न. आधी पुढचा कोळसा कुठे, आता पुढचं क्षेपणास्त्र कुठे. उभ्या नळ्यांमधली बहुतेक क्षेपणास्त्रं संपली की समुद्रात भरता येत नाहीत, बंदरात जावं लागतं. पणजोबा हसत असतील.

ध्वनिलहरी (मंगळ, १२:१८)

आगवाले, हे मान्य. तुमच्या पणजोबांना माझ्यातर्फे पूर्ण गुण.

अटकेपार (मंगळ, १३:००)

आणि खांदेरी परत आली आहे हे विसरू नका. २०१९ ला नौदलात दाखल झालेली 'खांदेरी' ही पाणबुडी, माझगाव डॉकमध्ये बांधलेली. त्याआधीही १९६८ पासून एक 'खांदेरी' पाणबुडी होतीच. लपून बसायचं, उथळ-खोल पाणी ओळखायचं, मोठ्याला जवळ येऊ द्यायचं. नाव ठेवणाऱ्याला दाद.

काठावरचा (मंगळ, २१:३३)

काल रात्री मुलाला हा धागा वाचून दाखवला. (सासू-सून गाळली.) बॅटरी आणि चोर त्याला पटकन कळलं. मग म्हणाला, "पण पाणबुडीला तरी जहाज दिसलं होतं का?" मी म्हटलं, नाही रे, आधी ऐकू आलं असणार.

थोडा वेळ गप्प. मग, "म्हणजे दोघंही अंधारातच होते."

माझं १९६७ मागे घेतो. त्याच्या जागी काय लिहायचं ते अजून ठरत नाही. बिनतारी आणि ध्वनिलहरी यांच्या मध्ये कुठेतरी आहे.

आता हट्ट धरलाय, खांदेरी बघायची. थळहून होडी मिळते म्हणतात. पुढच्या शनिवारी जावं म्हणतोय. कुणी गेलंय का?

खारावारा (मंगळ, २१:५०)

पुढच्या शनिवारी? जुलैमध्ये? होड्या वर ओढून ठेवल्यात. नारळी पौर्णिमा होऊ दे, मग थळला जाऊन विचारा. तेव्हाही भरतीची वेळ बघून जा, नाहीतर चिखलात उतरवतील.

टिकोजी (मंगळ, २१:५२)

रिव्हेंजच्या कप्तानालाही हेच कुणी सांगायला हवं होतं.

मावशी_०७ (मंगळ, २२:०५)

मीपण येईन. डबा माझ्याकडे. चहाबाज, तुम्ही नुसते या.